मेंब्रेन शिकायचं तर प्रयोगापासून

सीएसआयआर-नेट या प्राध्यापकी आणि संशोधनासाठीच्या पात्रता परीक्षेच्या लाइफ सायन्सेसच्या सिलॅबसमध्ये दुसरं युनिट पेशीच्या रचनेचं, आणि त्यातला पहिलाच मुद्दा मेंब्रेनचा, म्हणजे पेशीच्या पटलाचा. त्यामुळे तयारीला लागलेली मुलं बहुतेक इथूनच सुरुवात करतात, आणि ती प्रसिद्ध आकृती काढून करतात: मेदाच्या रेणूंचे दोन-दोन शेपट्यांचे गोळे, मधेमधे रुतलेली प्रथिनं, वर साखरेचे तुरे. आकृती सुबक येते. मग ‘हे कशावरून?’ असं विचारलं की वर्ग गप्प. मी बायोकेमिस्ट्री शिकले, आता शिकवते, आणि नवीन मुलांना माझं एकच सांगणं असतं: मेंब्रेनबद्दलचं प्रत्येक विधान कुठल्या प्रयोगातून आलं ते आधी धरा. पाठ करायचं बरंचसं ओझं तिथेच उतरतं.

पहिला प्रयोग तुमच्या ओळखीचाच आहे. ऱ्हिओ या शोभेच्या झाडाचं पान मोडायचं, खालच्या बाजूची जांभळी साल अलगद ओढायची, स्लाइडवर साखरेच्या दाट द्रावणाचा थेंब, वर कव्हरस्लिप. जर्नलमध्ये ‘रसाकुंचन दिसले’, म्हणजे पाणी बाहेर जाऊन पेशीचा आतला भाग आक्रसला, असं लिहून आपण मोकळे होतो. आता पुन्हा करा, आणि या खेपेला निवांत बघा. जांभळा भाग भिंतीपासून सुटायला लागतो, मग आक्रसत गोलसर होतो. मधे जी रिकामी जागा दिसते तिच्यात काय आहे? बाहेरून येणाऱ्या परीक्षकाचा, एक्सटर्नलचा, हा आवडता प्रश्न. तिथे साखरेचं द्रावण असतं, कारण पेशीभित्तिका साखरेला अडवत नाही. अडवतं ते पटल. शिवाय जांभळा रंग रिक्तिकेत, म्हणजे पेशीच्या आतल्या रसाच्या पिशवीत असतो. तो बाहेर सांडला नाही, म्हणजे रिक्तिकेचं पटलसुद्धा शाबूत आहे. तीच साल उकळत्या पाण्यातून काढा: रंग बाहेर येतो आणि मग साखर कितीही घाला, आकुंचन नाही. साखरेऐवजी ग्लिसरॉल वापरलंत तर आणखी मजा. पेशी आधी आक्रसते आणि पुढे, पाणी न घालताच, हळूहळू परत फुगते, कारण ग्लिसरॉल सावकाश आत शिरत असतं. पारगम्यतेचा, म्हणजे पटलातून काय जातं आणि काय नाही याचा, निम्मा धडा या एका सालीवर होतो.

पटलात मेदाचे पदर दोन आहेत हे कसं कळलं? १९२५ साली नेदरलँड्समध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या पेशींमधले मेद ॲसिटोनने काढून पाण्यावर एकपदरी पसरले. क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं. तांबड्या पेशीच का? आपल्या तांबड्या पेशीत केंद्रक नाही, आतली इतर पटलंही नाहीत, म्हणून जो मेद निघतो तो बाहेरच्या पटलाचाच. गंमत म्हणजे त्यांचे मेद पूर्ण निघाले नव्हते आणि पेशीचं क्षेत्रफळही कमी धरलं गेलं होतं. दोन्ही त्रुटी एकमेकींना खाऊन गेल्या आणि उत्तर बरोबर आलं.

पटल प्रवाही आहे हे मात्र १९७० साली फ्राय आणि एडिडिन यांनी दाखवलं. उंदराची आणि माणसाची पेशी एकत्र जोडली, दोघींच्या प्रथिनांना वेगवेगळ्या रंगांचे चमकणारे प्रतिपिंड लावले. ३७ अंशांना सुमारे ४० मिनिटांत रंग मिसळून गेले, थंडीत मिसळले नाहीत. प्रवाही मेदात प्रथिनं रुतलेली असं चित्र मांडणारं सिंगर आणि निकोलसनचं १९७२चं मॉडेल यानंतरचं आहे. हा क्रम लक्षात ठेवा, मुलाखतीत उपयोगी पडतो.

एक गणित स्वतः करून बघा. चेतापेशीच्या पटलावर ७० मिलिव्होल्ट, पटलाची जाडी ५ नॅनोमीटर धरा. भागाकार केला की मीटरमागे १.४ कोटी व्होल्ट येतात. हवेत मीटरमागे ३० लाखांच्या आसपासच ठिणगी पडते. हा आकडा एकदा हाताने काढलात की सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ढकलणारा पटलातला सोडियम-पोटॅशियम पंप इतकी ऊर्जा का खातो आणि व्होल्टेजवर उघडणारी चॅनेल्स, म्हणजे आयनांच्या वाटा असलेली प्रथिनं, कशाच्या जोरावर हलतात, हे वेगळं समजवावं लागत नाही.

आणि घरात जुलाबावरच्या जलसंजीवनीचं (ओआरएसचं) पाकीट असेल तर मागची बाजू वाचा. डब्ल्यूएचओच्या सूत्रात एक लिटर पाण्याला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं. पाकिटातल्या सायट्रेट या दुसऱ्या क्षारातलं सोडियमही धरलं की सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही ७५ मिलिमोल. साखर ताकदीसाठी आहे असं घरोघरी सांगतात, ते खरं कारण नव्हे. आतड्याच्या पेशीवरचं एक प्रथिन सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत घेतं (हेच सहवहन), पाणी त्यांच्यामागून येतं. कॉलराच्या विषाने क्लोराइडची वाट सताड उघडते, पण ही जोडवाट चालूच राहते. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावरचं द्रावण हजारोंना पाजलं. परीक्षेत ‘सहवहनाचे उदाहरण द्या’ आलं की मुलं पुस्तकातलं नाव लिहितात; तुम्ही हे लिहा.

पुढे कामाचं काय, असंही विचारलं जातं. औषधकंपन्यांत पटलाचा अभ्यास असलेल्यांना काम असतं: नवा रेणू आतड्यातून शोषला जातो का, हृदयाच्या हर्ग नावाच्या पोटॅशियम चॅनेलला अडवतो का, या चाचण्या टळत नाहीत. लायपोसोममधून, म्हणजे मेदाच्या पटलाच्या सूक्ष्म पिशव्यांमधून, औषध देणं, एमआरएनए लसीतले मेदकण, हे सगळं याच शाखेचं. संशोधनात जायचं असेल तर बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत सत्यजित मेयर यांनी केलेलं पटलावरचं काम जरूर वाचा.

डिझर्टेशनचा विषय घेताना मात्र सावध राहा. पटलातलं प्रथिन शुद्ध करून त्याची रचना काढायची, हे ऐकायला भारी वाटतं, पण ते प्रथिन पटलातून सोडवायला डिटर्जंट लागतो, चुकीचा निवडला तर ते गुठळ्या होऊन बसतं, आणि एका सेमिस्टरमध्ये हाती काही लागेल याची खात्री नाही. त्यापेक्षा कॅल्सीन या चमकणाऱ्या रंगाच्या गळतीचा प्रयोग मागून घ्या. लायपोसोममध्ये हा रंग इतका दाट भरतात की तो चमकतच नाही. पटल फुटलं की बाहेर विरळ होतो आणि उजळतो. फ्लुओरिमीटर, म्हणजे ही चमक मोजणारं यंत्र, असलं की भागतं, आलेख त्याच दिवशी मिळतो, आणि कोलेस्टेरॉलचं प्रमाण बदलत गेलात तर प्रबंधापुरता प्रश्नही तयार होतो.