रुग्णालय चालवताय? या चुका टाळा

नवा ॲडमिनिस्ट्रेटर रुजू झाला की त्याचं पहिलं परिपत्रक ठरलेलं असतं: सर्व डिस्चार्ज दुपारी बाराच्या आत. इतक्या रुग्णालयांत हे बघितलंय की त्याबद्दल आधी सविस्तर लिहितो.

मी दीडशे खाटांच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात ऑपरेशन्स बघत असताना नवे सीईओ आले. हॉटेल व्यवसायातले, हुशार, कामाला वाघ. हॉटेलात बाराला चेकआउट होतो तर इथे का होऊ नये, हा त्यांचा प्रश्न. परिपत्रक निघालं, बिलिंगवाल्यांना रोजचा अहवाल द्यायला लागला आणि आठवडाभरात आकडे सुंदर दिसायला लागले. बाराच्या ठोक्याला संगणकावर निम्म्या खाटा रिकाम्या!

एका दुपारी कॅज्युअल्टीने त्या रिकाम्या खाटांपैकी एकीवर पेशंट वर पाठवला. ट्रॉली मेल वॉर्डात पोहोचली तर खाटेवर एक आजोबा मांडी घालून जेवत बसलेले, हाताला सलाईनची सुई तशीच. वॉर्डबॉय म्हणाला, "आजोबा, तुम्ही तर घरी गेलाय." आजोबांनी ताट दाखवलं. "घरी गेलो असतो तर ही बिनमिठाची दुधी खाल्ली असती का?" सगळा वॉर्ड हसला. ट्रॉलीवरच्या पेशंटचा मुलगा मात्र हसला नाही. त्याचे वडील धापा टाकत होते आणि त्यांना खाट नव्हती.

झालं होतं असं. परिपत्रकाच्या धाकाने बिलिंगवाले बारा वाजायच्या आत सिस्टिममध्ये फाईल बंद करत होते. प्रत्यक्षात आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) अडकलेला, त्यामुळे डिस्चार्ज समरी टाईप झालेली नाही. उरलेली औषधं मेडिकलला परत गेलेली नाहीत. टीपीएचं, म्हणजे विम्याचे दावे हाताळणाऱ्या कंपनीचं, फायनल अप्रूव्हल आलेलं नाही. पेशंट संध्याकाळपर्यंत खाटेवरच. आणि खरा धोका पुढे होता. फाईल बंद झाली की त्या पेशंटच्या नावाने इंडेंट, म्हणजे औषधांची मागणी, लागत नाही. आजोबांचा दुपारचा अँटिबायोटिकचा डोस सिस्टरने शेजारच्या पेशंटच्या ड्रॉवरमधून उसना घेतला. औषधांची अशी अदलाबदल कुठे जाते हे वॉर्डात काम केलेल्याला सांगायला नको. एका परिपत्रकाने चांगल्या सिस्टरवर ही वेळ आणली.

डिस्चार्जचं काम आदल्या संध्याकाळी करायचं असतं. मी संध्याकाळी इन्चार्ज सिस्टरला एवढंच विचारतो, "उद्या कोण घरी जातंय?" डॉक्टरांच्याही आधी तिला माहीत असतं. त्या यादीवर रात्रपाळीचा आरएमओ समरी कच्ची तयार करतो, औषधं रात्रीच परत जातात, सकाळच्या राऊंडला कन्सल्टंटने तपासून सही करायची एवढंच उरतं. विमा कंपनीला दोष देण्याआधी आपलं घड्याळ बघा. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार रुग्णालयाची विनंती पोहोचल्यापासून ३ तासांत फायनल अप्रूव्हल यायला हवं. आपला टीपीए डेस्क कागदच दुपारी दोनला पाठवत असेल तर ते तीन तास दोनला सुरू होतात.

आणि नव्या माणसाने एकदा तरी फाईलबरोबर चालावं. वॉर्डातून निघालेली एक फाईल धरायची आणि ती गेटपास होईपर्यंत तिची पाठ सोडायची नाही. ती कुठे, कोणाच्या टेबलावर, कशासाठी पडून राहते ते डोळ्यांनी दिसतं. लाखो रुपयांचे डॅशबोर्ड घेणाऱ्यांना मी आधी हे करायला सांगतो. बहुतेकांना चालायचा कंटाळा असतो.

दुसरी चूक "ऑल ओके" लिहिलेल्या रजिस्टरवर विश्वास ठेवण्याची. याबद्दल मला राग येतो आणि तो लपवायचं कारण नाही. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ ला मध्यरात्रीनंतर नवजात बालकांच्या कक्षात आग लागून १० बाळं गेली. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकमध्ये महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून दाब उतरला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या सिव्हिलमध्ये आयसीयूला आग लागली, ११ गेले. एवढं होऊनही जानेवारी आणि जुलैचा फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला) भरला की आगीचा विषय संपला असं मानणारे साहेब मला भेटतात.

जनरेटरचंच घ्या. रोज दहा मिनिटं चालवतात, रजिस्टरवर सही होते. पण लोड न देता. खरोखर लाईट जाते, ओटी, आयसीयू, लिफ्ट सगळं एकदम अंगावर येतं, तेव्हा कळतं तो भार झेपतो का ते. बायोमेडिकल आणि मेंटेनन्सची माणसं उभी करून, ओटी रिकामी असताना, आयसीयूला आधी कळवून, महिन्यातून एकदा लोडवर टेस्ट घ्या.

मी रात्री दोन-तीनला न सांगता राऊंड घेतो. वॉचमनला विचारतो, आत्ता धूर आला तर पहिलं काय करशील? मावशींना विचारतो, इमर्जन्सी दरवाजाची किल्ली कुठाय? "मेंटेनन्सच्या साहेबांकडे" असं उत्तर आलं की त्याच रात्री त्या साहेबांना फोन लावतो. मग मॅनिफोल्ड रूम, जिथून ऑक्सिजन पाईपने वॉर्डात जातो. दोन बाजूंना जम्बो सिलिंडरच्या रांगा, एक चालू, एक राखीव. रात्रपाळीच्या माणसाला म्हणायचं, बदलून दाखव. एका रुग्णालयात सिलिंडरचा पाना गॉजच्या पट्टीने पाईपला बांधलेला दिसला. तिथल्या मामांनी बांधला होता. "साहेब, दिवसपाळीवाले घेऊन जातात, रात्री मग शोधत बसावं लागतं." त्या रुग्णालयाच्या सेफ्टी मॅन्युअलमध्ये पान्याचा उल्लेखही नव्हता. मामांचा फोटो मी पुढच्या सेफ्टी मीटिंगमध्ये पहिल्या स्लाईडवर लावला आणि प्रत्येक मॅनिफोल्डला साखळीने बांधलेला पाना आला.

बाकीच्या चुका थोडक्यात.

ओपीडीच्या वेळेत डॉक्टरांची मीटिंग लावू नका. आणि सीनिअर कन्सल्टंटशी वाद असेल तर त्यांना केबिनमध्ये बोलावू नका. ऑपरेशन संपल्यावर ओटीबाहेर चहाच्या वेळी भेटा, पाच मिनिटांत मिटतं.

सफाईच्या कंत्राटी माणसांचा पगार लांबला तर कंत्राटदाराकडे बोट दाखवू नका. पगार थकलेल्या मावशीने रुग्णालयाच्या कचऱ्यातलं लाल पिशवीतलं आणि पिवळ्या पिशवीतलं वेगळं ठेवावं ही अपेक्षा तुम्ही कोणत्या तोंडाने करणार?

रुग्णालयांना दर्जाचं मानांकन देणाऱ्या एनएबीएचची टीम यायच्या आठवड्यात मागच्या तारखांच्या सह्या करून घेऊ नका. तरुण मॅनेजर याला स्मार्टपणा समजतात. ज्या सिस्टरकडून तुम्ही खोटी सही घेतलीत ती उद्या औषधाच्या चार्टवरही तशीच सही करेल, आणि तुम्हाला बोलायला जागा राहणार नाही.

धर्मादाय रुग्णालय असेल तर महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ एए खालच्या खाटा, १० टक्के निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, यांचा बोर्ड कुंडीमागे लावू नका. कॅज्युअल्टीच्या दारात लावा आणि खाली समाजसेवकाचा मोबाईल नंबर लिहा. गरजूंसाठी बिलांतून २ टक्के बाजूला काढायचे असतात, ते खर्च होण्यासाठीच असतात. ते वाचवून दाखवणाऱ्या अकाउंट्सवाल्याचं कौतुक करू नका.

बिलाचा अंदाज नातेवाइकांना रोज संध्याकाळी सांगा. तिसऱ्या दिवशी एकदम आकडा सांगितला की आवाज चढतो, आणि तो काउंटरवरच्या बावीस वर्षांच्या मुलीवर चढतो.

शेवटचं, मृत्यूनंतरच्या बिलाचं. राज्याच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार बिल थकलं म्हणून मृतदेह अडवता येत नाही. हे तुम्हाला माहीत असतं, पण रात्रपाळीच्या कॅशिअरला कोणी सांगितलेलं नसतं. त्याला फक्त "थकबाकी सोडायची नाही" एवढं माहीत असतं, म्हणून तो अडवतो आणि सकाळी गेटवर शंभर माणसं जमतात. हा निर्णय त्याच्यावर टाकू नका. लेखी सूचना काउंटरवर चिकटवा: देह आधी सोडायचा, बिलाचं नंतर बघू. खाली स्वतःचा नंबर लिहा. आणि रात्री तीनला तो वाजला तर उचला.