घरी शोभिवंत मासे विकायचेत? या चुका टाळा

गोव्यातल्या डिचोलीत घराच्या पडवीत मी टाक्या मांडल्या आणि पहिल्याच आठवड्यात मोली माशांनी पंख मिटून घेतले. जागच्या जागी थरथरत राहायचे. मी औषधांमागून औषधं ओतली. रोग नव्हताच, खोट विहिरीच्या पाण्यात होती.

आपल्याकडे जांभ्या जमिनीतलं पाणी बहुधा मऊ आणि आम्लधर्मी असतं. मोली, गप्पी, प्लॅटी यांना कठीण, म्हणजे जास्त क्षारांचं पाणी मानवतं. टेट्रा किंवा एंजल मऊ पाण्यात खुशाल राहतात. म्हणून मासे ठरवण्याआधी पाण्याचा पीएच (आम्लपणाचं माप; 7 च्या खाली आम्ल) आणि कठीणपणा तपासा.

मोलीच ठेवायचे असतील तर तिसऱ्यांच्या (खायच्या शिंपल्यांच्या) रिकाम्या शिंपल्या उकळून, घासून फिल्टरमध्ये घाला. चुना हळूहळू विरघळतो. मी मात्र घाईने शिंपल्यांची पूड ओतली आणि दोन दिवसांत मासे वर येऊन धापा टाकू लागले. जुन्या, घाण साचलेल्या आम्ल पाण्यात माशांच्या घाणीतून तयार होणारा अमोनिया फारसा बाधत नाही. पीएच 7 च्या वर चढू लागला, की तोच विषारी होत जातो. आधी काही दिवस रोज थोडं पाणी बदलून घाण काढा, मगच मूठभर शिंपल्या.

नवी टाकी भरली की लगेच मासे सोडू नका. घाण पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला 4 ते 6 आठवडे लागतात. जुन्या टाकीतला स्पंज नव्या टाकीत घातलात तर हा काळ बराच कमी होतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशांबरोबर हे जिवाणूही मारतं, तेव्हा ते आधी काढून टाका.

पावसात वीज जाणारच. बॅटरीवरचा एअर पंप पहिल्याच खरेदीत घ्या. बाहेरून आणलेले मासे 3 आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा, जाळीही वेगळी. अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसले तर ती टाकी विक्रीतून काढा. गिऱ्हाईक एकदा आजारी मासा घेऊन गेलं की परत येत नाही.

गिऱ्हाइकाकडे द्यायच्या आदल्या दिवशी माशांना खाणं देऊ नका, नाहीतर वाटेतच पिशवीतलं पाणी नासतं.

आणि न विकले गेलेले गप्पी, सकर (टाकीची काच चाटणारे मासे) व्हाळात, म्हणजे ओढ्यात सोडू नका, कृपा करून. तिथल्या मूळ माशांच्या पिल्लांवर ते उठतात. ज्या दुकानातून आणले तिथे विचारा, नाहीतर एखाद्या शाळेच्या टाकीला द्या.