ॲडमिट आलं, पेढे वाटले. आता या चुका टाळा

दरवर्षी जुलै उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. कुणाची मावसबहीण, कुणाचा ज्युनियर, सोसायटीतल्या काकूंचा भाचा. अमेरिकेत एमएसला ॲडमिट मिळालेलं असतं, मार्चमध्येच पेढे वाटून झालेले असतात आणि आता कुठेतरी घोडं अडलेलं असतं. फोन जुलैतला, पण चूक बहुतेक वेळा एप्रिलमधली. तेव्हा वाटतं, ऑगस्टला अजून चार महिने आहेत. प्रत्यक्षात ते नसतात, कारण इथे प्रत्येक कागद दुसऱ्या कागदावर अडून बसतो. पैशाचा पुरावा दिल्याशिवाय आय-२०, म्हणजे विद्यार्थी-व्हिसासाठी लागणारं विद्यापीठाचं प्रमाणपत्र, मिळत नाही, आय-२० शिवाय व्हिसाचा अर्ज पुढे जात नाही, आणि व्हिसा हातात आल्याशिवाय तिकीट काढायची हिंमत होत नाही. यातलं सगळ्यात संथ काम अमेरिकेत होत नाही. ते आपल्याच तलाठी कार्यालयात नाहीतर विद्यापीठाच्या परीक्षा विभागात चाललेलं असतं.

मी स्वतः यातल्या तीन चुका केल्या आहेत. त्या ओघात येतीलच.

नाव एकच, स्पेलिंगं तीन

आपल्या गुणपत्रिकांवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि कधी शेपटाला आईचंही. पासपोर्टवर मात्र आडनाव एका रकान्यात आणि ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं व वडिलांचं नाव एकत्र. विद्यापीठाचा अर्ज भरताना मुलं सवयीने गुणपत्रिका समोर ठेवतात. मग आय-२० वर पाटील हे नाव आणि सुरेश हे आडनाव होऊन येतं.

नियम एकच ठेवा. जे पासपोर्टवर आहे तेच, त्याच स्पेलिंगने सगळीकडे. आय-२० ची पीडीएफ आली की फी बघण्याआधी नाव, जन्मतारीख आणि कोर्स सुरू होण्याची तारीख तपासा. चूक असेल तर विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला पासपोर्टच्या प्रतीसह मेल करा. दुरुस्त आय-२० विनाकुरकुर मिळतो, पण ते मुलाखतीच्या आधी व्हायला हवं.

पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा असेल तर काम आणखी किचकट. अमेरिकन व्हिसावर तुमचं पूर्ण नाव आडनावात जातं आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’ छापून येतं, म्हणजे ‘फर्स्ट नेम अननोन’. पुढे तिथल्या बँकेत आणि लायसन्सच्या ऑफिसात तुम्हाला ‘फनू’ म्हणून हाक मारतात. ॲडमिट येण्याआधीच पासपोर्ट सुधारून घेतलेला उत्तम.

माझी चूक वेगळी होती. माझ्या वडिलांचं नाव विश्वास. गुणपत्रिकेत ते डब्ल्यूने, पासपोर्टवर व्हीने. मला वाटलं, एका अक्षराने काय होतंय. कर्ज देणाऱ्या बँकेच्या वकिलांना तसं वाटलं नाही. शेवटी स्टॅम्पपेपरवर ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र नोटरी करून द्यावं लागलं. काम अर्ध्या दिवसाचं, पण ते करायचं आहे हे कळायलाच दोन आठवडे गेले.

पाकीट उघडू नका

ॲडमिट बहुतेक वेळा सशर्त असतं, कारण अर्ज करताना तुमचं शेवटचं सेमिस्टर बाकी होतं. पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की अंतिम ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सेमिस्टरच्या गुणांचं अधिकृत पत्रक) आणि पदवीचा पुरावा पाठवा. ते वाचलं जात नाही. मग ऑगस्टमध्ये तिथे पोचल्यावर कळतं की खात्यावर ‘होल्ड’ लागलाय आणि विषयांची नोंदणीच होत नाही.

आपल्याकडे शेवटच्या सेमिस्टरचा निकाल जून-जुलैत लागतो आणि पदवी प्रमाणपत्र दीक्षांत समारंभानंतर, म्हणजे कित्येक महिन्यांनी हातात पडतं. अमेरिकेतल्या ॲडमिशन ऑफिसला हे माहीत असेलच असं धरून चालू नका. एप्रिलमध्येच सरळ विचारा: प्रोव्हिजनल प्रमाणपत्र आणि सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका तात्पुरत्या चालतील का? बहुतेक ठिकाणी चालतात आणि मूळ पदवी देण्यासाठी मुदत मिळते. ते उत्तर मेलवर लेखी घेऊन ठेवा. फोनवर बोलणारी व्यक्ती ऑगस्टमध्ये सुट्टीवर असते.

ट्रान्सक्रिप्टच्या सीलबंद प्रती गरजेपेक्षा चार-पाच जास्त मागवा. आणि घरच्यांना सांगून ठेवा. माझं पाकीट घरी आलं तेव्हा मी बाहेर होतो. आईने कौतुकाने उघडलं, मार्क बघितले, मग नीट फेविकॉल लावून बंद करून ठेवलं. पाकिटाच्या तोंडावरचा विद्यापीठाचा शिक्का मधोमध दुभंगला होता. अशी प्रत अधिकृत धरत नाहीत. पुन्हा अर्ज, पुन्हा चलन, पुन्हा खिडकी. आईला मी काही बोललो नाही. मीच सांगायला हवं होतं.

पैसा: गावची जमीन, आजोबांचं घर

‘बाबांची गावाकडे चार एकर आहे, कर्जाची काळजी नाही’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता पुढचा प्रश्न आपोआप तोंडात येतो: एनए, म्हणजे बिगरशेती, आहे का? शेतजमीन बहुतेक बँका शैक्षणिक कर्जाला तारण म्हणून घेत नाहीत. सातबारा कितीही कोरा असो. फ्लॅट असेल तर भोगवटा प्रमाणपत्र आहे का ते बघा. जुन्या इमारतींत पुष्कळदा नसतं. घर असेल तर ते कुणाच्या नावावर आहे ते बघा. आजोबा जाऊन बारा वर्षं झालेली असतात आणि वारसनोंद झालेलीच नसते. मग आत्याची सही लागते, काकांची लागते, आणि ज्यांच्याशी दहा वर्षं बोलणं नाही त्यांच्याकडे पेढे घेऊन जावं लागतं.

त्यात बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाचा सर्च रिपोर्ट आणि मालमत्तेचं मूल्यांकन, हे सगळं धरून काही आठवडे सहज जातात. म्हणून तारण ठेवायचं असेल तर ॲडमिटची वाट न बघता कागद जमवायला घ्या. तारणाचं जमतच नसेल तर बिनतारणी कर्ज देणाऱ्या वित्तसंस्था आहेत. त्यांचं काम लवकर होतं, व्याज जास्त पडतं.

कर्ज रुपयांत मंजूर होतं आणि फी डॉलरमध्ये भरायची असते, हेही मुलं विसरतात. आजच्या दराने काटेकोर हिशोब केलात तर दुसऱ्या वर्षी तूट पडते. थोडी जास्त रक्कम मंजूर करून घ्या. उचलली नाही तर तिच्यावर व्याज नाही.

परदेशी पैसे पाठवताना बँक जो कर आगाऊ कापते, त्या टीसीएसचं थोडक्यात: मान्यताप्राप्त बँकेच्या वा वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून फी पाठवली तर तो लागत नाही. स्वतःच्या पैशांतून एका आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर पाठवले तर वरच्या रकमेवर कापला जातो. तो बुडत नाही, पण ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्याच्या पॅनवर जमा होतो. वडिलांच्या खात्यातून पाठवले तर वडिलांनीच विवरणपत्रात दाखवायचा, मुलाने नाही.

आणि एक गोष्ट दरडावून सांगतो. ‘थोडे दिवस तुमच्या खात्यात पैसे फिरवून देतो, बॅलन्स सर्टिफिकेट घ्या’ असं सांगणारे एजंट आजही भेटतात. व्हिसासाठी खोटी माहिती दिल्याचं निष्पन्न झालं तर अमेरिकेचा दरवाजा कायमचा बंद होऊ शकतो. तिथे ‘पुढच्या वर्षी परत बघू’ नसतं.

दोन आय-२०, एक मुलाखत

दोन-तीन विद्यापीठांना पैशाचे कागद पाठवले की दोन-तीन आय-२० येतात. प्रत्येकावर एन अक्षराने सुरू होणारा वेगळा सेविस क्रमांक असतो. सेविस म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी अमेरिकन सरकारची यंत्रणा. गोंधळ इथे होतो: ३५० डॉलरची सेविस फी एका क्रमांकावर भरली, डीएस-१६० मध्ये, म्हणजे व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात, दुसरा टाकला, आणि मुलाखतीला जाताना तिसरा आय-२० फायलीत. आधी विद्यापीठ पक्कं करा, मग फी भरा. चुकून दुसऱ्यावर भरली गेली असेल तर ती फी नव्या क्रमांकावर वळवून मिळते, फक्त ते मुलाखतीआधी करा. डीएस-१६० पुन्हा भरलात तर त्याचा पुष्टी क्रमांक बदलतो. अपॉइंटमेंटच्या नोंदीतही तो बदलायला विसरू नका. व्हिसाची १८५ डॉलरची फी वेगळी.

विद्यापीठाने सहाय्यकपद वा फेलोशिप देऊ केली असेल आणि ‘लवकर कळवा’ म्हणून घाई करत असतील, तर १५ एप्रिल ही तारीख ध्यानात ठेवा. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांनी मान्य केलेला संकेत आहे की आर्थिक साहाय्याच्या ऑफरवर त्याआधी निर्णय देण्याचं बंधन विद्यार्थ्यावर नाही. नुसत्या ॲडमिटला हा संकेत लागू नाही.

मुलाखतीचा स्लॉट मिळेल तेव्हा घेऊ, ही पुढची चूक. २०२५ मध्ये मेच्या अखेरीस नव्या विद्यार्थी-व्हिसा अपॉइंटमेंट देणंच काही आठवडे थांबवलं होतं. जूनच्या उत्तरार्धात त्या सुरू झाल्या त्या समाजमाध्यमांच्या तपासणीची अट घेऊनच. एप्रिलमध्ये मुलाखत उरकलेली मुलं तेव्हा खरेदी करत होती, बाकीचे रात्री दोन वाजता स्क्रीन रिफ्रेश करत होते. डीएस-१६० मध्ये गेल्या पाच वर्षांत वापरलेली सगळी खाती विचारतात. ‘मी ते कधीच वापरत नाही’ असं खातंही लिहा.

मुंबईची मुलाखत बीकेसीतल्या वाणिज्य दूतावासात होते. मोबाइल, स्मार्टवॉच, बॅग आत नेता येत नाही. सोबत कुणीतरी न्या, नाहीतर ऐनवेळी समोरच्या अनोळखी माणसाला फोन सांभाळायला द्यायची पाळी येते.

व्हिसा उशिरा मिळाला तर? आय-२० वरच्या तारखेच्या ३० दिवसांहून आधी अमेरिकेत जाता येत नाही, आणि त्या तारखेनंतर परवानगीशिवाय पोचायचं नाही. विद्यापीठाला उशिरा येण्याची शेवटची तारीख विचारा. तीही गाठता येत नसेल तर प्रवेश पुढच्या सत्रावर ढकलायची विनंती मुदत संपायच्या आत करा. गप्प बसलात तर जागाही जाते आणि डिपॉझिटही.

लसीचं गणित २८ दिवसांचं

हे कुणीच मनावर घेत नाही. बहुतेक विद्यापीठं एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेलाच्या लसीचे) दोन डोस मागतात, आणि दोन डोसांमध्ये किमान २८ दिवस लागतात. म्हणजे विमान १० ऑगस्टचं आणि पहिला डोस २५ जुलैला घेतला, तर दुसरा तिकडे जाऊन तिथल्या दराने घ्यावा लागणार. लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड शोधा. ते आईच्या कपाटात, साड्यांच्या खाली असतं. सापडलं नाही तर पुन्हा डोस घ्या किंवा रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी चालते का ते विद्यापीठाला विचारा. मेनिंजायटिस आणि धनुर्वाताचंही त्यांच्या फॉर्ममध्ये बघा.

माझी तिसरी चूक क्षयरोगाच्या चाचणीत झाली. मी हातावर इंजेक्शन देऊन करायची चाचणी करून घेतली. दोन दिवसांत हातावर चांगली गांध उठली. आपल्याला जन्मतःच क्षयरोगाची बीसीजी लस टोचलेली असते, त्यामुळे ही चाचणी क्षयरोग नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. मग छातीचा एक्स-रे, डॉक्टरांचं पत्र आणि घरात उगाच पसरलेली काळजी. बीसीजी घेतलेल्यांसाठी रक्ताची ‘इग्रा’ चाचणी बरी. विद्यापीठ ती स्वीकारतं का ते विचारून तीच करा.

दात इथेच दाखवून घ्या. विद्यार्थ्यांच्या विम्यात दात पुष्कळदा नसतात. चष्म्याची जादा जोडी न्या.

घर आणि बॅग

व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘युनिव्हर्सिटीपासून पाच मिनिटं’ असं घर दिसतं, मालक ‘परदेशी’ असतो आणि चावी कुरिअरने येणार असते. डिपॉझिट आधी मागतो. असं घर नसतंच. आधीपासून तिथे असलेल्या सीनियरला प्रत्यक्ष बघून यायला सांगा. चौघांनी मिळून करारावर सही केली तर त्यात जबाबदारी एकत्रित आहे का ते वाचा. तशी असेल तर एक जण निघून गेल्यावर त्याचं भाडं उरलेल्या तिघांवर येतं.

मिक्सर नेऊ नका. तिथे वीज १२० व्होल्टची, आपला मिक्सर २३० चा. तो घरघरतो आणि लसूणही वाटत नाही. कुकर न्या, पण तळ इंडक्शनला चालणारा. खाण्याचे पदार्थ कस्टमच्या फॉर्ममध्ये जाहीर करा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेली सापडली तर दंड होतो. मेतकूट आणि भाजणी बिनलेबलच्या पिशवीत नेऊन अधिकाऱ्याला ‘पावडर’ म्हणून समजावत बसायची वेळ आणू नका.

सगळे मूळ कागद हातातल्या बॅगेत. माझ्या एका ज्युनियरने आय-२० ची फाईल ‘सुरक्षित राहील’ म्हणून मोठ्या बॅगेत तळाशी ठेवली. अमेरिकेत उतरल्यावर आधी इमिग्रेशनची रांग लागते, सामानाचा पट्टा त्यानंतर. नशिबाने मुंबईलाच काउंटरवर विचारणा झाली. त्याने सगळ्यांसमोर बॅग उघडली; वर चकल्यांचा डबा, मग दोन चादरी, मग देवाचा फोटो आणि त्याखाली फाईल. मागची रांग बघत होती, आणि बाबा काचेपलीकडून ‘काय झालं?’ म्हणून हातवारे करत होते.

उतरल्यावरचा पहिला आठवडा

झोप पूर्ण झाली की दुसऱ्या दिवशी आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेतल्या तुमच्या प्रवेशाची, नोंद ऑनलाइन उघडून बघा. नाव आणि एफ-१ हा विद्यार्थी-व्हिसाचा प्रकार बरोबर आहे ना? कधीकधी चुकून पर्यटकाचा प्रकार पडतो. तसं झालं तर विमानतळाशी संलग्न ‘डिफर्ड इन्स्पेक्शन’ कार्यालयात दुरुस्त करून घ्या आणि विद्यापीठालाही कळवा. आंतरराष्ट्रीय कार्यालयात हजेरी लावल्याशिवाय सेविसमध्ये तुमची नोंद सुरू होत नाही. सोशल सिक्युरिटी क्रमांकासाठी कॅम्पसवरच्या नोकरीचं पत्र लागतं. पोचल्यावर दहाएक दिवस थांबून त्या कार्यालयात जा, म्हणजे नोंदी जुळलेल्या असतात. सत्र सुरू असताना कॅम्पसवरचं काम आठवड्याला २० तासांपर्यंतच. बाहेर, म्हणजे ओळखीच्या गुजराती काकांच्या दुकानात ‘रोख पैसे, कुणाला कळणार नाही’ असं काम करू नका.

सीनियरच्या सोफ्यावरून स्वतःच्या खोलीत गेलात की नवा पत्ता १० दिवसांच्या आत विद्यापीठाच्या पोर्टलवर टाका. सामान लावायच्या गडबडीत हेच राहून जातं.