उतारवयातील आधार: आई आणि वडील यांचा वेगवेगळा विचार कसा करावा

घरातील वृद्धांना आधार देणे म्हणजे औषधे वेळेवर देणे, पथ्य सांभाळणे आणि दवाखान्यात नेणे, असेच बहुतेक कुटुंबांत समजले जाते. ही कामे आवश्यक असली तरी ज्याला सगळे काही दिले जाते पण काहीच विचारले जात नाही, अशा माणसाचा आत्मसन्मान हळूहळू खचतो. तो कशाने खचतो, हे मात्र आई आणि वडील यांच्या बाबतीत सहसा वेगळे असते.

प्रथम दोघांशी स्वतंत्रपणे बोलावे, कारण आईला पतीसमोर विचारल्यास ‘मला काय कमी आहे?’ यापलीकडे उत्तर मिळणे कठीण असते. गेल्या आठवड्यात घराबाहेरच्या कोणाशी निवांत बोलणे झाले, पैसे कोणाकडे मागावे लागले आणि घरातल्या कोणत्या निर्णयात त्यांचे मत घेतले गेले, एवढे विचारले तरी पुरे. आत्मसन्मान मोजण्यासाठी अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांची 1965 सालची दहा विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध आहे. तथापि मुलांनी आईवडिलांना गुण देत बसू नये.

नोकरी केलेल्या वडिलांची ओळख बहुधा हुद्द्याशी बांधलेली असते आणि नातेवाइकांशी असलेले संबंध पत्नीने राखलेले असतात: कोणाकडे बारसे आहे, कोणाला आहेर द्यायचा, कोणाचा फोन बरेच दिवस आला नाही, हे सारे तिलाच ठाऊक असते. पत्नी गेल्यावर अशा पुरुषाचे गणगोतही तुटल्यासारखे होते. म्हणून ती हयात असतानाच काही फोन त्यांच्याकडे सोपवावेत आणि चहा, वरण-भात एवढा स्वयंपाक त्यांना यावा, असे पाहावे. ज्येष्ठ नागरिक संघाचे नुसते सदस्यत्व घेऊन देण्यापेक्षा तेथील हिशेब, सहलीचे नियोजन किंवा वाचनालय असे एखादे काम त्यांच्याकडे येईल, यासाठी प्रयत्न करावा. ‘मला एकटे वाटते’ असे म्हणणे पुष्कळ पुरुषांना जड जाते. कामाच्या निमित्ताने मात्र ते मोकळे होतात.

आईच्या बाबतीत माणसांपेक्षा पैशांची आणि अधिकाराची उणीव अधिक जाणवते. कुटुंब निवृत्तिवेतन तिच्या खात्यात जमा होते, पण एटीएम कार्ड मुलाच्या पाकिटात असते, ही स्थिती दुर्मीळ नाही. पासबुक आणि कार्ड तिच्याकडेच असावे आणि व्यवहार करताना तिला बँकेत सोबत न्यावे. निराधार स्त्री 65 वर्षांची झाली असेल, तर निराधार वृद्धांना दरमहा अर्थसाहाय्य देणाऱ्या राज्य शासनाच्या श्रावणबाळ योजनेसाठी तहसील कार्यालयात चौकशी करावी. नातवंडे सांभाळण्याचे काम गृहीत न धरता तिला आधी विचारावे आणि तिने नकार दिल्यास तो मनापासून स्वीकारावा. माझ्या मते घरातल्या आदराची खरी कसोटी इथेच लागते.

ती विधवा असल्यास हळदीकुंकू आणि मंगलकार्ये यांत तिला मागे ठेवू नये. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. घरात मात्र ठरावाची वाट पाहू नये. मुलाच्या किंवा नातीच्या लग्नात औक्षणाचा मान तिला द्यावा आणि ही गोष्ट भावकीला आधीच सांगून ठेवावी, म्हणजे ऐन मांडवात कुजबुज होऊन तिने स्वतःच मागे सरकण्याची वेळ येणार नाही.

उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास, झोप किंवा भूक कमी झाल्यास ‘वय झाले’ असे म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावे. घरातच छळ होत असेल, तर 14567 हा ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक उपलब्ध आहे. शिवाय 2007 च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्यानुसार निर्वाहासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. याच कायद्याच्या कलम 23 नुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती अट मोडल्यास परत मिळवता येते. त्यामुळे घर मुलांच्या नावे करताना ही अट बक्षीसपत्रात स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी आणि आईचा हिस्सा असल्यास तिची सही घेण्यापूर्वी संपूर्ण कागद तिला वाचून दाखवावा.