डाळिंबावरचा तेल्या: फवारणीआधीच होणाऱ्या या चुका टाळा

सांगोला, आटपाडी, सटाणा, मालेगाव या पट्ट्यात तेल्या रोगाने चांगल्या चांगल्या बागा उपटायला लावल्या आहेत. फळावर डाग दिसला की आपण औषधाच्या दुकानाकडे धावतो. नुकसानीची सुरुवात मात्र बरीच आधी झालेली असते.

पहिली चूक ओळखण्यातली. तेल्या हा झँथोमोनास नावाच्या जिवाणूमुळे होतो, बुरशीमुळे नाही. पान उजेडासमोर धरा. डाग पाणी भरल्यासारखा, तेलकट दिसतो. फळावर डाग काळपट होऊन तिथेच ‘एल’ किंवा ‘वाय’ आकारात तडकतो. कार्बेन्डाझिमसारखी निव्वळ बुरशीनाशके मारून जिवाणू मरत नाही; पैसे जातात आणि त्या आठवड्यात रोग पुढच्या ओळीत पोचतो.

सगळ्यात महागात पडते ती रोपांची निवड. ओळखीच्या बागेतून स्वस्तात गुटी (झाडाच्या फांदीलाच मुळे फोडून केलेले रोप) आणली आणि ती बाग तेल्याची असेल, तर रोग रोपाबरोबरच रानात येतो. मातृबाग, म्हणजे जिथून रोपे केली ती बाग, स्वतः पावसाळ्यात जाऊन बघा. तिथे एकही तेलकट डाग दिसला तर रोपे घेऊ नका, भाव कितीही कमी असो.

तितकीच घातक छाटणीची कात्री. छाटणीची टोळी आज एका बागेत, उद्या दुसऱ्या बागेत, कात्री तीच. प्रत्येक झाडानंतर ती सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाच्या द्रावणात बुडवायला लावा. वेळ जातो, मजूर कुरकुरतात, तरी उभे राहून करून घ्या. मोठ्या कापांवर १० टक्के बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण) पेस्ट लावा.

फवारणीचे बोर्डो मिश्रण करतानाही घाई नडते. एक टक्क्यासाठी १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना, पाणी १०० लिटर. दोन्ही वेगवेगळे विरघळवून मग एकत्र करा, भांडी प्लास्टिकची घ्या. मिश्रणात लोखंडी पाते बुडवून बघा. त्यावर तांबूस थर चढला तर चुन्याची निवळी अजून घाला. मिश्रण त्याच दिवशी संपवा, त्यात दुसरे औषध मिसळू नका.

बहराचा, म्हणजे झाडाला कोणत्या हंगामात फुलवायचे याचा, निर्णय भावाकडे बघून घेतला जातो. मृग बहरात (जून-जुलै) कोवळी पालवी आणि फळे ऐन पावसात सापडतात. पावसाच्या थेंबांनी, वाऱ्याने जिवाणू झाडाझाडांवर उडतो. तेल्या येऊन गेलेल्या बागेत हस्त बहर (सप्टेंबर-ऑक्टोबर) धरावा, असे माझे ठाम मत आहे. भारी जमिनीत पावसानंतर ताण (फुलांसाठी पाणी तोडणे) बसायला अवघड जाते हे खरे, पण तेथेही मृग बहराचा मोह टाळावा.

जादा युरिया देऊन लुसलुशीत फूट काढू नका. झाडांना बहरानंतर तीन-चार महिने विश्रांती द्या.

आणि तोडलेली रोगट फळे बांधावर टाकू नका. पडलेल्या पानांत जिवाणू महिनोन्महिने जिवंत राहतो. फळे, पाने, छाटलेल्या काड्या बागेबाहेर नेऊन जाळा. शेजाऱ्याच्या बागेतही तेल्या असेल तर त्यालाही त्याच आठवड्यात हे करायला सांगा.