लेबर रूममधून रिसर्चकडे येणाऱ्या सिस्टरांनो, आधी वजनकाटा घ्या

नऊ वर्षं लेबर रूम केल्यावर मी एमएस्सी नर्सिंगला गेले, विषय घेतला पीपीएच, म्हणजे बाळंतपणानंतरचा अति रक्तस्राव. सांगली-मिरजेकडच्या ज्युनियर विचारतात, ताई, रिसर्चला येऊ का? या की. फक्त जुन्या रजिस्टरच्या भरवशावर येऊ नका.

माझं तिथंच बोंबललं. सहा महिने तासगावहून एसटीनं ये-जा करत केस पेपर उपसले, एक्सेलमध्ये ब्लड लॉसचा कॉलम भरला आणि बघते तर २००, २५०, २००, ३००, परत २००. एका बाईला दोन पिशव्या रक्त चढवलेलं, तिच्यापुढंही ३००! बऱ्याच पानांवर सही माझीच. वार पडली, टाके झाले, पुढची बाई टेबलावर, मग पेपर लिहिताना हाताला येईल तो आकडा. ५०० मिली म्हणजे पीपीएच हे झोपेतही सांगू आपण, पण मोजतंय कोण?

नजरेचा अंदाज कमीच पडतो. आपल्या शेजारच्या बेळगावात मापाच्या खुणांचं ड्रेप (बाईखाली लावायची, रक्त गोळा करणारी प्लास्टिकची पिशवी) लावून बघितलं, तर नजरेचा आकडा साधारण ३३ टक्के कमी निघाला, २००६ चा पेपर आहे. २०२३ च्या ई-मोटिव्ह ट्रायलमध्ये आफ्रिकेतल्या ८० हॉस्पिटलांत हेच ड्रेप आणि लगेच एकत्र उपचार, तर गंभीर रक्तस्रावासारखे प्रकार ६० टक्क्यांनी उतरले.

ड्रेप नसेल तर कोरं पॅड तोला, भिजलेलं तोला, वजाबाकी करा, १ ग्रॅमला १ मिली धरायचं. ड्रेप बाळ बाहेर आल्यावरच सरकवा, नाहीतर गर्भजलासकट मोजाल. आणि वॉर्डातल्या मावशींना आधी सांगून ठेवा, माझी पहिली चार पॅडं न तोलताच थेट कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेली.

एथिक्स कमिटीची परवानगी आल्याशिवाय एकही नोंद घेऊ नका. थिसिस तयार करून देणारे भेटतील, त्यांच्याकडं वळूसुद्धा नका, व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, तोंड तुमचंच असतं. गाइड नावाजलेला नसला तरी चालतो, फोन उचलणारा हवा. मला खरं शिकवलं ते नाइटच्या एका जुन्या सिस्टरनं.

इंग्रजीची भीती वाटते? मला अजून वाटते, पेपर तीन-तीनदा वाचते, होतं हळूहळू.

डेटा परत पहिल्यापासून गोळा केला, वर्ष गेलं, घरी बोलणी खाल्ली. किराणावाल्याकडं असतो तसला काटा स्वतःच्या पैशानं घेतलेला, तो अजून ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात आहे, सेल संपले की मीच आणते.