21 गियरची जुनी माउंटन बाइक (एमटीबी) आता ऑफिसला

पुढचा डिरेलर (पेडलजवळच्या एका चकतीवरून दुसरीवर चेन सरकवणारा भाग) सारखा अडकायचा म्हणून माझी 26 इंची एमटीबी तीन वर्षं पार्किंगमध्ये धूळ खात पडली होती. शेवटी डिरेलर, शिफ्टर (हँडलवरचा गियर बदलायचा खटका), केबल सगळं काढलं आणि पुढे फक्त मधली 38 दातांची चकती ठेवली, मागचे सात गियर तसेच. पण बाहेरची चकती काढली की जुने बोल्ट लांब पडतात, कितीही आवळा चकती हलतेच, आखूड बोल्ट लागतात हे दुसऱ्या दिवशी कटकट आवाज यायला लागल्यावर कळलं. मग स्पीडब्रेकरवर चेन उतरायची, मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर चढवून मोजली आणि दोन कड्या कमी केल्या, आता महिनाभर उतरली नाहीये. जाडे खडबडीत टायर काढून दीड इंची गुळगुळीत टाकले, खरा फरक त्यानेच पडला, कर्वे रोडला सायकल नुसती पळते! मडगार्ड मात्र पावसाआधी लावाच.